'आग लावलीस भावा!' मग बीट हरला कसा? बीट बॅटलमधली खरी टीका कशी करायची आणि कशी ऐकायची

रात्रीचे दोन वाजलेत. चार तास हेडफोन लावून खपल्यावर एका पोराचा बीट पूर्ण होतो. तो स्पर्धेच्या लिंकवर अपलोड करतो आणि मित्रांच्या ग्रुपवरही टाकतो. दहा मिनिटांत कमेंट येतात. 'आग.' 'कडक भावा.' 'विषय हार्ड.' एक जण काही न लिहिता नुसत्या तीन ज्वाळा टाकतो. दुसऱ्या दिवशी निकाल लागतो, तर पोरगा पहिल्याच फेरीत बाहेर.

एवढी आग लागली होती, तर मग तो हरला कसा?

बीटमध्ये काहीतरी गडबड आहे हे ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना कळलेलं असतं. सांगत मात्र कुणी नाही. हौशी बीटमेकर्सच्या स्पर्धांमध्ये, म्हणजे बीट बॅटलमध्ये, हे चित्र नेहमीचं आहे. वरवर पाहता हा मामला किरकोळ वाटतो. पण यातली बहुतेक मुलं यूट्यूब बघून एकट्याने शिकलेली असतात. त्यांना गुरू नसतो, क्लास नसतो, रियाजाला बसवणारं घरात कुणी नसतं. स्पर्धेत मिळणारं दोन ओळींचं मत हीच त्यांची शाळा. ते मत खोटं निघालं, तर एकच चूक पुढची दोन वर्षं प्रत्येक बीटमध्ये जात राहते. आणि ते नुसतंच विषारी निघालं, तर पोरगं लॅपटॉप मिटतं आणि पुन्हा या वाटेला येत नाही.

बीट बॅटल म्हणजे नेमकं काय?

रॅपर ज्या संगीतावर शब्द म्हणतो, ते संगीत म्हणजे बीट. त्यात ड्रम्स असतात, बेस असतो आणि बहुतेक वेळा सतत फिरून येणारी एखादी सुरावट असते. 'मेरे गली में' (२०१५) म्हटलं की डिव्हाइन आणि नेझी आठवतात. त्याचा बीट बनवणाऱ्या दिल्लीच्या सेझ ऑन द बीटचं नाव त्यामानाने कमी लोकांना ठाऊक असतं. बीटमेकर हा असा पडद्यामागचा माणूस.

बॅटलमध्ये हा माणूस पुढे येतो. सगळ्यात प्रचलित प्रकारात सगळ्या स्पर्धकांना एकच सॅम्पल दिलं जातं, म्हणजे जुन्या गाण्याचा एखादा तुकडा. तो कापायचा, उलटा करायचा, वेग बदलायचा, त्यावर स्वतःचे ड्रम्स आणि बेस चढवायचे आणि ठरलेल्या वेळेत नवा बीट सादर करायचा. याला 'फ्लिप' म्हणतात. साहित्य सगळ्यांचं सारखंच असल्यामुळे कुणी त्याचं काय केलं, हे लगेच कळतं.

अमेरिकेत हे सामने आधी मंचावर रंगले. सिअॅटलमध्ये सुरू झालेल्या रेड बुल बिग ट्यूनमध्ये दोन प्रोड्युसर समोरासमोर आपापले बीट्स वाजवायचे आणि प्रेक्षकांचा आरडाओरडा कुणासाठी जास्त, यावर जिंकणारा ठरायचा. मग २०२० चं लॉकडाउन आलं. व्हिन्स स्टेपल्स आणि डेन्झेल करीसारख्या रॅपर्ससोबत काम केलेल्या केनी बीट्स या प्रोड्युसरने ट्विचवर बीट बॅटल घ्यायला सुरुवात केली. लोक घरबसल्या बीट्स पाठवायचे आणि तो ते थेट प्रक्षेपणात, सगळ्या बघ्यांसमोर ऐकून मत द्यायचा. त्याच्यासारखे कार्यक्रम पुढे अनेकांनी सुरू केले. आता डिस्कॉर्डवरच्या छोट्या छोट्या ग्रुपमध्येही अशा स्पर्धा चालतात.

मंचावर टाळ्या पडल्या किंवा नाही पडल्या, एवढंच कळायचं. ऑनलाइन स्पर्धेत शब्द लिहावे लागतात, आणि अडचण तिथूनच सुरू होते.

खरं बोलायला नेमकं अडतं कुठे?

पहिली गोष्ट म्हणजे इथे ऐकणारा तटस्थ नसतो. तोही स्पर्धक असतो. मतदान स्पर्धकांनीच करायचं असेल, तर समोरच्याची चूक दाखवली की तो आपल्याला मत देणार नाही, ही भीती असते. त्यातून 'तू माझ्या बीटला भारी म्हण, मी तुझ्या बीटला भारी म्हणतो' असा न बोलता झालेला करार तयार होतो. लग्नातल्या आहेरासारखंच हे. कुणी किती दिलं याची वही प्रत्येकाच्या डोक्यात असते.

दुसरं टोक थेट प्रक्षेपणात दिसतं. तिथे शेकडो बीट्स येतात, प्रत्येकाला जेमतेम अर्धा मिनिट मिळतो आणि बघणाऱ्यांना करमणूक हवी असते. 'पुढचा लावा' म्हणत बीट मध्येच तोडला की चॅटमध्ये हशा पिकतो. याला अनेक जण 'प्रामाणिकपणा' म्हणतात. पण त्या 'पुढचा लावा'मधून बीटमेकरला काय कळतं? 'आग' म्हटल्यावर कळतं तेवढंच, म्हणजे काहीच नाही. गोड कमेंट आणि क्रूर कमेंट या बाबतीत सख्ख्या बहिणी आहेत.

तिसरी गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, कारण तिच्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. आधीच्या कमेंट वाचून आपलं स्वतःचं मत बदलतं. मॅथ्यू सॅलगॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी २००६ साली 'सायन्स' या नियतकालिकात यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. १४,३४१ लोकांना फारशा माहीत नसलेल्या बँड्सची ४८ गाणी ऐकायला दिली. काहींना इतरांनी कोणतं गाणं किती वेळा डाउनलोड केलं याचा आकडा दिसत होता, काहींना नाही. आकडा पाहणारे आठ वेगवेगळ्या गटांत विभागलेले होते, आणि प्रत्येक गटात लोकप्रिय ठरलेली गाणी वेगवेगळी निघाली. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि फार वाईट गाणी सहसा वर आली नाहीत. पण मधल्या गाण्यांचं काहीही होऊ शकत होतं. हौशी स्पर्धेतले बहुतेक बीट्स नेमके याच मधल्या पट्ट्यात मोडतात.

बीट कितव्या नंबरला वाजला, यानेही फरक पडतो. ब्रसेल्सच्या प्रतिष्ठित क्वीन एलिझाबेथ पियानो स्पर्धेत अंतिम फेरीचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. व्हिक्टर गिन्सबर्ग आणि यान फान आवर्स या अर्थतज्ज्ञांनी २००३ साली दाखवून दिलं की, तिथे उशिरा वाजवणाऱ्यांना सरासरीने वरचा क्रमांक मिळत होता. जगातल्या नावाजलेल्या परीक्षकांचं हे होत असेल, तर रात्री अकरा वाजता चाळीस बीट्स ऐकायला बसलेल्या हौशी परीक्षकाकडून काय अपेक्षा ठेवणार?

टीका करण्याआधी स्वतःचे कान तपासा

'बेस नाहीये यार.' ही कमेंट जवळपास प्रत्येक बॅटलमध्ये दिसते आणि बऱ्याचदा चूक बीटची नसून ऐकणाऱ्याच्या फोनची असते. हिप-हॉपमध्ये ज्याला '८०८' म्हणतात तो खोल, घुमणारा बेस रोलंड कंपनीच्या १९८० सालच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनवरून आलाय. त्याचा मूळ सूर अनेकदा ४० ते ६० हर्ट्झच्या आसपास असतो. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून साधारण १५० हर्ट्झच्या खालचं जवळपास काहीच बाहेर पडत नाही. त्यामुळे बेस फाइलमध्ये असतो, पण कानापर्यंत पोहोचत नाही.

अर्थात बीटमेकरलाही यातून शिकण्यासारखं आहे. अनुभवी लोक ८०८ वर थोडं डिस्टॉर्शन चढवतात. त्यामुळे मूळ सुराच्या वरच्या पट्टीतले स्वर तयार होतात आणि फोनवरही बेसची चाहूल लागते. म्हणजे कमेंट 'बेस नाही' अशी न येता 'फोनवर ऐकलं, बेस जाणवला नाही' अशी आली असती, तर तिचा उपयोग झाला असता. कशावर ऐकलं, हे चार शब्द लिहायला काय जातं?

आवाजाच्या पातळीचंही तसंच. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ साली मांडलं की, आवाज लहान असताना कानाला खालचे सूर फार कमी जाणवतात. आवाज वाढवला की तेच संगीत भरलेलं वाटू लागतं. म्हणूनच दोन बीट्सपैकी जरासा मोठ्याने वाजणारा बीट 'जास्त चांगला' वाटतो. तो मोठ्याने वाजतोय हे लक्षातही येत नाही. हे माहीत असलेले स्पर्धक लिमिटर लावून बीट अगदी कडेपर्यंत फुगवतात, त्यात ड्रम्सचा ठोसा मेला तरी चालेल. परीक्षकाने सगळ्या फाइल्स एका पातळीवर आणून ऐकल्या, तर ही पळवाट बंद होते.

मग उपयोगी टीका दिसते कशी?

समजा एका बीटवर या दोन कमेंट आल्या आहेत. पहिली: 'मिक्स घाण आहे, आधी शिकून ये.' दुसरी: '०:३२ ला बेस सुरू झाला की किकचा ठोका गायब होतो. त्याआधी मान डोलत होती, तिथे थांबली.'

दुसऱ्या कमेंटमध्ये कौतुक फार नाही आणि ती मवाळही नाही. पण तिच्यात तीन गोष्टी आहेत: कुठे, कोणता आवाज आणि ऐकणाऱ्याला काय झालं. बीटमेकर थेट बत्तिसाव्या सेकंदाला जाऊन तपासू शकतो. बहुधा त्याला कळेल की किक आणि बेस एकाच पट्टीत आवाज करतायत आणि एकमेकांना झाकतायत. मग किक वाजते त्या क्षणी बेस जरा खाली दाबायचा, म्हणजे साइडचेन लावायचं, की किकचा सूरच वर न्यायचा, हे तो ठरवेल.

इथे एक बारीक गोष्ट आहे. ऐकणारा जेव्हा 'काय खटकलं' ते सांगतो, तेव्हा तो बहुतेक वेळा बरोबर असतो, कारण खटकलंय त्यालाच. पण 'काय कर' ते सांगतो, तेव्हा तो सर्रास चुकतो. 'हाय-हॅट वाढव' म्हणणाऱ्याला प्रत्यक्षात बीट रेंगाळल्यासारखा वाटत असतो. कारण कदाचित हाय-हॅटशी संबंधितच नसतं, आठ मात्रांनंतर काहीच बदलत नाही हे खरं दुखणं असतं. डॉक्टरला 'इथे दुखतंय' सांगावं, गोळी त्याला ठरवू द्यावी.

हौशी बीट्समधली एक चूक तर एवढी सर्रास दिसते की तिच्यासाठी थोडं थांबायला हवं. जुन्या रेकॉर्डवरून घेतलेलं सॅम्पल अनेकदा आजच्या कीबोर्डच्या सुरात नसतं. टेपचा किंवा रेकॉर्डचा वेग जरा कमी-जास्त असला की अख्खं गाणं दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी येऊन बसतं. सॉफ्टवेअरमधला ८०८ मात्र तंतोतंत पट्टीत असतो. दोन्ही एकत्र वाजले की तबला तानपुऱ्याशी न जुळवता मैफल सुरू केल्यासारखं होतं. बनवणाऱ्याने तो लूप रात्रभर ऐकलेला असतो, त्याच्या कानाला त्याची सवय झालेली असते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते दोन सेकंदांत बोचतं. 'बेस सॅम्पलच्या सुरात नाही, जरा वर वाटतोय' एवढं एक वाक्य त्या पोराचे कित्येक महिने वाचवू शकतं. आणि नेमकं तेच वाक्य 'आग'च्या ढिगाखाली कुणी लिहीत नाही.

टीका कामावर हवी, माणसावर नको, हे सगळेच म्हणतात. यामागे नुसती सभ्यता नाही. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी यांनी १९९६ साली अभिप्रायावरचं जुनं संशोधन एकत्र करून ६०७ निष्कर्षांचा ताळा मांडला. सरासरी पाहिली तर अभिप्रायामुळे काम सुधारत होतं. पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा ते चक्क बिघडलं होतं. त्यांचं स्पष्टीकरण असं की, अभिप्रायामुळे लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं, म्हणजे 'मी कसा आहे' याकडे वळलं, की परिणाम कमी होतो. हे कौतुकालाही लागू पडतं. 'तू जीनियस आहेस' हे ऐकून स्नेअर कुठे चुकला ते कळत नाही.

चूक आहे की शैली?

डेट्रॉइटचा जे डिला (१९७४–२००६) हा आज बीटमेकर्सचा देव मानला जातो. त्याचं एमपीसी ३००० हे यंत्र वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहास आणि संस्कृती संग्रहालयात ठेवलंय. त्याचे ड्रम्स मात्र मुद्दाम 'चुकलेले' असायचे. ठोके ओळीत बसवून देणारी क्वांटाइझची सोय तो अनेकदा वापरायचा नाही, किंवा वेगवेगळे ठोके वेगवेगळ्या प्रमाणात मागे-पुढे ठेवायचा. त्यामुळे त्याचा बीट झोकांड्या खात चालल्यासारखा वाटतो. असाच बीट आज एखाद्या अनोळखी मुलाने बॅटलमध्ये टाकला, तर 'ड्रम्स ऑफ आहेत, क्वांटाइझ कर' ही कमेंट हमखास येईल.

म्हणून मत देण्याआधी एक प्रश्न विचारलेला बरा: 'स्नेअर मुद्दाम उशिरा ठेवलाय का?' उत्तर 'हो' आलं तर पुढचं बोलणं वेगळं होतं. मुद्दाम आहे, पण तसं वाटत नाही. मग ते जाणवण्याइतकं ठळक का नाही? उत्तर 'म्हणजे काय?' असं आलं, तर चूक कुठे आहे ते दोघांनाही कळलं.

अमेरिकन नृत्यदिग्दर्शक लिझ लर्मन यांनी १९९० साली अभिप्रायाची एक पद्धत तयार केली, ती याच वळणाची आहे. आधी ऐकणाऱ्यांनी आपल्याला काय भावलं, काय लक्षात राहिलं ते सांगायचं. मग कलाकाराने स्वतःचे प्रश्न विचारायचे. त्यानंतर ऐकणाऱ्यांनी तटस्थ प्रश्न विचारायचे. मत सगळ्यात शेवटी, तेही 'अमुक गोष्टीबद्दल माझं मत आहे, ऐकायचंय का?' अशी परवानगी घेऊन. नृत्याच्या तालमीत यासाठी तासभर असतो, बॅटलमध्ये नसतो. पण आधी प्रश्न आणि नंतर मत, एवढा क्रम पाळायला वेळ लागत नाही.

मात्र नियमभंगाला ही सवलत नाही. सॅम्पल वापरणं सक्तीचं असेल आणि ते बीटमध्ये ओळखूच येत नसेल, तर तिथे शैलीचा मुद्दा येत नाही. 'मला आवडलं नाही' आणि 'नियमात बसत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्याच लिहाव्यात.

आपल्या बीटवर टीका आली तर?

सगळ्यात आधी, 'कसा वाटला?' हा प्रश्न विचारणं सोडायला हवं. त्याचं उत्तर 'भारी' हेच येणार. पाहुण्यांना 'भाजी कशी झालीय?' विचारल्यावर कुणी कधी 'खारट' म्हणतं का? 'दुसऱ्या भागात कंटाळा येतो का?' किंवा 'बेस आणि सॅम्पल सुरात आहेत का?' असं विचारलं की समोरच्याला खरं बोलायची मोकळीक मिळते.

दुसरं म्हणजे, बीट पाठवताना सबबी पाठवू नयेत. 'घाईत केलाय', 'मिक्स अजून बाकी आहे' असं आधीच लिहिलं की ऐकणारा जपून बोलतो. टीका आल्यावर लगेच खुलासा देण्याचंही तेच. तुम्ही वाद जिंकता आणि तो माणूस पुढच्या वेळी ज्वाळा टाकून निघून जातो.

प्रत्येक टीका मान्य करायची असाही नियम नाही. एकाच माणसाला एखादी गोष्ट खटकली, तर ती त्याची आवड असू शकते. एकमेकांच्या कमेंट न वाचता तिघांना एकाच जागी काहीतरी खटकलं, तर ती जागा बघावीच लागते, मग तिघांनी सुचवलेले उपाय तीन दिशांचे का असेनात. ड्रिल ऐकणाऱ्याने लो-फाय बीटला 'संथ' म्हटलं तर त्याची काळजी करायचं कारण नाही. लो-फाय ऐकणारा 'संथ' म्हणाला, तर मात्र विषय गंभीर आहे.

आणि राग आला, तर येऊ द्यावा. फक्त त्या रात्री प्रोजेक्ट उघडू नये. दोन दिवसांनी फाइलची वेगळी प्रत करून एकच बदल करावा आणि जुनी-नवी दोन्ही एका पातळीवर आणून ऐकावी. नवी बरी वाटली तर ठेवावी, नाहीतर जुनी आहेच.

स्पर्धा घेणारे काय करू शकतात?

खरं तर बरंच काही. बीट्स नावाशिवाय वाजवायचे, म्हणजे दोस्ती आणि दुश्मनी दोन्ही बाजूला राहतात. क्रम प्रत्येक फेरीत चिठ्ठ्या टाकून बदलायचा. मतदान संपेपर्यंत कमेंट लपवायच्या. आणि ज्याला मत द्यायचंय त्याने किमान दोन बीट्सवर वेळ टाकून एकेक वाक्य लिहायचं, नाहीतर मत बाद. हे नियम छोट्या ग्रुपलाही जमण्यासारखे आहेत.

निकालात खरं बोलण्याची किंमत मात्र मोजावी लागते, हे महाराष्ट्राने रंगमंचावर पाहिलंय. २०२२ साली पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची नाही, असं म्हणत परीक्षकांनी तो कुणालाच दिला नाही. त्यावर उलटसुलट चर्चा झाली. करंडक न देण्याचा परीक्षकांना हक्क आहे, यावर फारसा वाद होऊ शकत नाही. पण हक्क वापरल्यावर प्रत्येक संघाला नेमकं काय कमी पडलं ते सांगण्याची जबाबदारीही वाढते. बीट बॅटलमध्ये 'या आठवड्यात विजेता नाही' असं जाहीर करणाऱ्यांनाही हेच लागू होतं.

बॅटल संपल्यावर हातात काय राहतं?

बक्षीस एकालाच मिळतं. बीट विकायचा म्हटलं, तर बहुतेक वेळा तोही विकता येत नाही, कारण सॅम्पल दुसऱ्याचं असतं. बिझ मार्की या रॅपरने गिल्बर्ट ओ'सुलिवनच्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय वापरला होता. त्या प्रकरणात १९९१ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने निकाल त्याच्याविरुद्ध दिला आणि तेव्हापासून सॅम्पलची परवानगी हा अमेरिकन संगीतविश्वात गंभीर विषय झाला. गाणं लिहिणाऱ्याची आणि रेकॉर्डिंगच्या मालकाची, अशा दोन्ही परवानग्या लागतात. हौशी मुलाला त्या मिळणं जवळपास अशक्य.

म्हणून अनेक जण बॅटलनंतर सॅम्पल काढून टाकतात आणि त्या जागी स्वतः वाजवलेली सुरावट बसवतात. ड्रम्स, बेस आणि मांडणी तशीच राहते, कारण तेवढं त्यांचं स्वतःचं असतं. बत्तिसाव्या सेकंदाची ती कमेंटही याच भागाबद्दल होती.